हात्सुए आजींना कशाची भीती वाटते?

हात्सुए आजींनी अंगणातल्या बर्फात फावडं रोवलं, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसकण मारली आणि लांब सुस्कारा सोडत त्या म्हणाल्या, "कोवाई, कोवाई!"

आजींकडे राहून शिकायला आलेली वासिती फावडं घेऊन तशीच उभी राहिली. फिजीतून निघायच्या आधी तिनं जपानी भाषा अगदी घासून घासून पाठ केली होती आणि 'कोवाई' हा शब्द तर सुरुवातीच्या धड्यातला. कोवाई म्हणजे भीती वाटते. धड्यात चित्रही होतं, पलंगाखाली साप आणि पलंगावर पाय पोटाशी घेतलेला मुलगा. पण इथं होक्काइदोत, ओतोबेत्सुसारख्या गावात, डिसेंबरच्या दिवसांत साप कुठला यायला? कावळेसुद्धा कुठं तरी दडी मारून बसले होते.

"काय झालं आजी? कशामुळे?" तिनं विचारलं.

"कशामुळे म्हणजे? या बर्फामुळे! दुसरं काय आहे इथं?"

वासितीला भरून आलं. या बाईचा जन्म इथला, लग्न इथलं, केस पांढरे झाले ते इथंच, आणि इतकी वर्षं बिचारी बर्फाला भीत भीत जगते आहे! मुलगा सप्पोरोला, नवरा फोटोत. सांगणार तरी कुणाला? वासितीनं आजींचं रोवलेलं फावडंही उपटून घेतलं.

"तुम्ही आत जा. मी आहे ना! मी असताना तुम्ही काळजी करायची नाही."

"बघ हं पोरी. सगळं अंगण राहिलंय."

"राहू दे. जा तुम्ही."

आजी आत गेल्या आणि रॉकेलच्या स्टोव्हपाशी बसून टीव्ही बघू लागल्या. मनात म्हणाल्या, किती गुणाची पोर! दुसऱ्या दिवशी बर्फ पडला तेव्हा त्यांनी फावडं दोनदाच मारलं आणि 'कोवाई' म्हणून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या. वासिती रोज एकटीनं अंगण काढायची, आणि आत आल्यावर आजींचा हात हातात घेऊन गंभीरपणे म्हणायची, "सगळा काढला. आता काही नाही तिथं." आजींना हा प्रकार जरा विचित्र वाटायचा, पण परदेशात अशीच पद्धत असेल म्हणून त्या मान डोलवायच्या.

वासितीला हे सगळं जमवून दाखवायचंच होतं, आणि त्याला कारण होतं. तिच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं बघायला ओनोदेरा सर होते. ते मूळचे टोकियोचे, बदली होऊन इथं आलेले, आणि थंडीनं स्वतःच इतके गारठलेले की वर्गातही मफलर काढत नसत. वासिती कॉलेजच्या फाटकात बर्फावरून घसरून त्यांच्याच पायांशी येऊन थांबली, आणि पुढच्याच आठवड्यात टोपी विसरल्यामुळे तिचा कान सुजून टोमॅटोएवढा झाला. तेव्हा सरांनी तिला बोलावून घेतलं.

"कागोशिमाच्या कॉलेजात एक जागा आहे. पार दक्षिणेला. ऊस होतो तिथं. तुला मानवेल."

"नको सर. मी इथंच राहते."

"हट्ट करू नकोस. उद्या काही बरंवाईट झालं तर तुझ्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवू?"

शेवटी असं ठरलं की रविवारी सर घरी येतील, आजींशी आणि वस्तीचे प्रमुख कुमागाई यांच्याशी बोलतील, आणि मग काय तो निर्णय घेतील.

आता कागोशिमाला जायला कुणाचीही ना नसावी. पण फिजीतून निघायच्या दिवशी गावजेवणात, जमिनीत भाजलेला डुक्कर पानात पडत असताना, इसिकेली मामा भर पंगतीत उठून म्हणाला होता, "ही फ्रीजचं दार उघडलं तरी शिंकते! पहिला बर्फ पडू दे, बॅग घेऊन हजर होते की नाही बघा!" सगळं गाव हसलं होतं. पाद्रीसुद्धा. त्यावर वासितीनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता की तिथला हिवाळा पार करून, चेरी फुललेली बघूनच परत येईन. शिवाय आता आजींचा प्रश्न होता. हात्सुए आजींवर तिचा जीव जडला होता. इतक्या भित्र्या बाईला भर हिवाळ्यात टाकून ऊस बघायला जायचं, हे तिला पटणारं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आजी खिडकीशी उभ्या होत्या. आभाळ निवळलं होतं. त्यांनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली आणि त्या म्हणाल्या, "उद्या रात्री शिबारेरु. नक्की."

हा शब्द काही वासितीच्या पुस्तकात नव्हता. पण 'शिबारु' म्हणजे बांधणे, हे मात्र होतं. म्हणजे शिबारेरु म्हणजे बांधलं जाणं, दुसरं काय? उद्या रात्री बांधणार? कोण? कुणाला? तेवढ्यात फोन वाजला आणि आजींनी तो उचलला.

"उद्या? दोर घेऊन? ... मागच्या बाजूनं? ... बरं, या. आता इलाज नाही. माझ्यानं कुठं काय होतंय." आजींनी फोन ठेवला.

"कोण होतं आजी?" वासितीनं जमेल तितक्या सहज विचारलं.

"कोणी नाही गं. नेहमीचाच." आजींनी जांभई दिली. "आज फार कोवाई. पडते मी जरा."

आता सांगा, यातून दुसरा काय अर्थ निघतो? वासितीनं फोनमध्ये 'कोवाई' पुन्हा तपासून पाहिला. भीती, घबराट, धास्ती. फोनलाही शंका नव्हती. बिचारी आजी बर्फाला भीत नव्हतीच! बर्फ हे सांगायचं कारण. कुणी तरी नेहमीचा माणूस दोर घेऊन येतो, मागच्या दारानं येतो, आणि म्हातारीला बांधून ठेवून काय न्यायचं ते नेतो!

पोलिसांकडे जावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण पोलीस आले की ते ओनोदेरा सरांच्या कानावर जाणार, आणि सर म्हणणार, 'एक तर थंडी, वर दरोडेखोर, चल कागोशिमाला.' म्हणजे जे काय करायचं ते स्वतःच करायला हवं होतं, आणि रविवारच्या आत.

शनिवारी दुपारी वासितीनं दोन विजारी चढवल्या, त्यावर आजींच्या नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घातला आणि ती मागच्या अंगणात जाऊन बर्फाच्या ढिगाआड बसली. तो ढीग तिनंच आठवडाभर खपून घातला होता, त्यामुळे तिला तो भिंतीसारखा भरवशाचा वाटत होता. थोड्या वेळानं पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. मग नाकाचंही तेच झालं. पण इसिकेली मामाचं हसणं आठवलं की तिला पुरेशी ऊब येत होती.

दिवस लवकर कलला. अंधारून येतंय न येतंय तोच कुंपणाच्या फटीतून एक माणूस आत शिरला. तोंड फडक्यानं गुंडाळलेलं, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं. तो प्लमच्या झाडापाशी थांबला आणि त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत आजी काही तरी चिरत उभ्या होत्या.

वासितीला तीन थोरले भाऊ, आणि तिच्या गावात मुलं चालायच्या आधी रग्बी खेळतात. ती ढिगाआडून निघाली, खाली वाकली आणि खांदा त्या माणसाच्या कमरेत घालून तिनं त्याला उचलूनच बर्फात टाकला. बर्फ ताजा आणि भुसभुशीत होता, म्हणून त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण तो असा काही आत गेला की वर नुसते दोन गमबूट राहिले. वासितीनं ते धरून त्याला बाहेर ओढलं, झाडाच्या बुंध्याला टेकवला आणि त्याच्याच दोरानं करकचून बांधून टाकला. गाठ मारली ती तिच्या बापाची, वादळातसुद्धा होडी न सोडणारी.

त्या माणसाच्या कॉलरमधून पाठीत बर्फ उतरला होता. तो थरथर कापत ओरडायला लागला, "शिबारेरु! शिबारेरु!"

"हो, आता तू शिबारेरु!" वासितीनं दोराला आणखी एक हिसका दिला. "म्हाताऱ्या बाईला बांधायला येतोस काय! कळलं ना आता कसं वाटतं ते?"

"काय बोलतेस तू? अगं, शिबारेरु म्हणतोय ना मी!"

"मग? बांधलंय तर शिबारेरुच होणार!"

आरडाओरडा ऐकून आजी हातात पळी घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग वासितीकडे, मग पुन्हा झाडाकडे.

"अगं पोरी! कुमागाईंना का बांधलंस?"

कुमागाई! वस्तीचे प्रमुख! पण आता माघार घ्यायची नाही म्हणून वासिती म्हणाली, "प्रमुख असले म्हणून काय झालं? आजी, तुम्ही मुळीच घाबरू नका!"

"मी कशाला घाबरू?"

"तुम्हीच तर म्हणता रोज! कोवाई, कोवाई!"

आजींनी पळी खाली केली. मग खांदे हलायला लागले, आणि त्या दारातच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं, कोवाई म्हणजे दमले! थकले! तुमच्या पुस्तकात काय असेल ते असो, इथं आम्ही दमलो की कोवाई म्हणतो!"

"आणि शिबारेरु?"

"कडाक्याची थंडी! हाडं गोठवणारी!"

"मग दोर कशाला?"

"झाडाला!" कुमागाई बांधल्या जागेवरूनच गरजले. "या झाडाला! बर्फाच्या वजनानं फांद्या मोडतात, म्हणून बांधून ठेवायचं असतं! हिच्यानं आता होत नाही म्हणून मी येतो दरवर्षी! आधी मला सोडा, मग खुशाल व्याकरण शिकवत बसा!"

पण सोडायचं कसं? दोर बर्फात भिजला होता आणि गाठ दगडासारखी गोठली होती. शेवटी आजींनी किटलीतून गरम पाणी आणून धार धरली आणि वासिती बोटांनी गाठ उकलत बसली. मध्ये मध्ये आजी कुमागाईंच्या तोंडाला गरम साकेचा पेला लावत होत्या. पेला घेतला तरी कुमागाईंचा चेहरा काही सैल झाला नाही.

"माफ करा हो, चुकले मी," वासिती पुन्हा पुन्हा वाकून सांगत होती.

"उद्या तुझे ते सर येणार आहेत ना?" सुटल्या सुटल्या कुमागाईंनी टोपी झटकली. "मला विचारणार आहेत ना? सांगतो मी. सगळं सांगतो!"

ते ताडताड निघून गेले. वासितीला रडू फुटायच्या बेतात होतं, पण त्या थंडीत रडायचीही सोय नव्हती.

रात्रभर बर्फ पडला. रविवारी सकाळी वासिती उठली आणि तिनं ठरवलं, जायचंच असेल तर मान खाली घालून जायचं नाही. तिनं आजींचं अंगण काढलं, रस्त्यापर्यंतची वाट काढली, आणि मग कुमागाईंच्या दारापुढचाही बर्फ काढला. कुमागाई खिडकीतून बघत होते. त्यांनी पडदा ओढून घेतला. अंग घामानं भिजलं, दंड भरून आले, पण एक चांगलं झालं. आता तिला इथली बोली येत होती! सरांवर छाप पाडायला याहून काय हवं?

ओनोदेरा सर आले ते गाडी थेट छपराच्या वळचणीला लावून.

"सर, गाडी तिथं नको, वरून..."

"असू दे, असू दे. चालायला तेवढंच कमी." सर पातळ बुटांनी टुणटुण उड्या मारत आत आले आणि कोट न काढताच स्टोव्हपाशी बसले. "हं. खरं सांग वासिती. कसं वाटतंय इथं?"

वासिती ताठ बसली आणि अस्सल ओतोबेत्सुच्या बोलीत म्हणाली, "सर, रोज कोवाई. आज तर सकाळपासून फारच कोवाई. आणि रात्री शिबारेरु. पण आता सवय झालीय!"

सरांच्या हातातला चहाचा पेला थांबला.

"रात्री? ... रोज?"

"रोज. पहाटे तर जास्तच."

"आणि तू सहन करतेस?"

"काय करणार? दोन पांघरुणं घेते आणि निमूट पडून राहते."

सर आजींकडे वळले. "तुम्हाला ठाऊक आहे हे?"

"इश्श, ठाऊक म्हणजे? जन्म गेला त्यात!" आजी लोणच्याची बशी पुढं सरकवत म्हणाल्या. "हल्ली काहीच नाही हो. माझ्या सासूच्या काळात व्हायचं शिबारेरु! सकाळी पापण्या उघडायच्या नाहीत."

त्याच वेळी कुमागाई आत आले. सर ताडकन उभे राहिले. "तुम्ही वस्तीचे प्रमुख ना? तुमच्या डोळ्यांदेखत इथं काय चाललंय?"

"काय चाललंय ते मलाच विचारा!" कुमागाई म्हणाले. "काल संध्याकाळी मला झाडाला बांधलं होतं. सोडवताना किटलीभर उकळतं पाणी लागलं. आणि तेच सांगायला मी..."

"तुम्हालाही?" सर पांढरेफटक पडले. "बस्स! एक शब्द नको! वासिती, बॅग भर. आत्ताच्या आत्ता निघायचं!"

वासितीला वाटलं, संपलं. कुमागाईंनी डाव साधला. सर एवढे घाबरलेत ते आपल्यालाच, असं तिला वाटलं. आजी "अहो पण", "अहो पण" म्हणत राहिल्या. वासिती बॅग आणायला उठली आणि तेवढ्यात धडाम्‌ असा आवाज झाला. सगळं घर हादरलं, बशीतलं लोणचं उडालं.

सगळे बाहेर धावले. छपरावरचा रात्रभराचा बर्फ एकदम घसरून खाली आला होता. सरांची गाडी होती तिथं आता एक छानसा गोल ढीग होता आणि त्यातून एक आरसा डोकावत होता.

"इथं शेंबडं पोरसुद्धा वळचणीला गाडी लावत नाही," कुमागाई म्हणाले.

"तुमचं बर्फ उडवायचं यंत्र आणा ना!" सर काकुळतीला आले.

"आणतो की. पण गाडीचा पत्राही बर्फाबरोबर उडेल. चालेल? नाही ना? मग हातानंच काढा."

सरांनी फावडं घेतलं. वासितीनंही घेतलं. जी गाडी तिला कागोशिमाच्या वाटेला लावणार, तीच ती स्वतःच्या हातांनी उकरून काढत होती. पण अर्धवट काम करायची तिला सवयच नव्हती. "सर, पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. आणि एवढं भरून घेऊ नका, थोडं थोडं." सरांनी दोन-चारदा फावडं मारलं, एकदा घसरले, एकदा बर्फाऐवजी स्वतःचा मफलरच फेकून दिला. गाडीचं टप दिसेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आला. अखेर ते आजींच्या त्या उलट्या बादलीवर मटकन बसले.

ते बघून वासितीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोवाई का, सर?"

"भीती कसली वाटायचीय त्यात?" सर खेकसले. "दमलोय मी! हात वर होत नाहीयेत!"

"तेच विचारतेय ती," आजी म्हणाल्या.

"तेच म्हणजे?"

"कोवाई का, म्हणजे दमलात का? इथं तसंच म्हणतात."

सरांनी आजींकडे पाहिलं, वासितीकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात सकाळचं सगळं बोलणं उलट्या क्रमानं फिरत असावं.

"म्हणजे रात्री शिबारेरु ..."

"थंडी पडते हो, थंडी! तुम्हाला काय वाटलं?"

सरांनी काय वाटलं ते सांगितलं नाही. त्यांचे कान मात्र वासितीच्या त्या सुजलेल्या कानापेक्षाही लाल झाले. मग त्यांना काही तरी आठवलं आणि ते कुमागाईंवर उलटले, "पण तुम्ही तर म्हणालात, तुम्हाला झाडाला बांधलं होतं!"

"ते बांधलंच होतं. हिनं." कुमागाईंनी वासितीकडे बोट दाखवलं. वासितीनं डोळे मिटून घेतले. "आणि तेच सांगायला आलो होतो, तर तुम्ही वाक्य पुरं होऊ द्याल तर ना! मी जन्मभर झाडं बांधतोय, पण अशी गाठ पाहिली नाही. रात्रभर बर्फ पडला, पण हिनं त्या दोराचं दुसरं टोक मागच्या झाडाच्या ज्या फांदीला गाठ मारून ठेवलं होतं, ती फांदी तेवढी शाबूत आहे, बाकीच्या वाकल्यात. वस्तीतली सगळी झाडं राहिलीत अजून. माझा खांदा धरलाय, आणि तो हिनंच धरायला लावलाय. आता हिला कागोशिमाला नेता? मग झाडं कोण बांधणार? तुम्ही?"

वासितीनं डोळे उघडले. कुमागाई दुसरीकडेच बघत होते. "आणि सकाळी माझ्या दारातला बर्फही काढलास," ते पुटपुटले. "कडेला जरा राहिलाय."

"आत्ता काढते!" वासिती फावडं घेऊन पळत सुटली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि या वेळी गोठले तर गोठोत असं तिला वाटलं.

गाडी मोकळी होईतो दिवस कलायला आला. सर स्टोव्हपाशी पाय शेकत बसले. वासिती वसंतापर्यंत इथंच राहील, असं त्यांनी आजींना सांगून टाकलं.

"कागोशिमाची ती जागा रिकामीच राहणार आता," ते हळूच म्हणाले. "तिथं मास्तर हवा आहे का, विचारून बघतो."

निघताना ते दारात थबकले. समोर रस्ता काचेसारखा चमकत होता, छपराच्या दुसऱ्या बाजूचा बर्फ अजून लटकलेला होता, आणि त्यांची कंबर काही सरळ होत नव्हती.

"कोवाई," सर म्हणाले.

"कुठली सर?" वासितीनं विचारलं. "पुस्तकातली की आमची?"

"दोन्ही."